पाय घसरला, चूक कोणाची?

माणूस चारचौघांत पडला की आधी इकडेतिकडे पाहतो. लागले किती, हे नंतर. कोणी पाहिले का, हे आधी. मग तो कपडे झटकतो, पिशवी गोळा करतो आणि म्हणतो, "काही नाही, काही नाही." बायकांना तर पडण्याची लाज अधिकच वाटते. घरी गेल्यावर पाय सुजतो. रात्रभर ठणका लागतो. सकाळी दवाखान्यात कळते, हाड मोडले आहे. मग घरातली माणसे म्हणतात, "नशीब म्हणायचं! पाहून चालायचं होतं ना!"

नशीब नाही असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक पडणे नशिबाचे नसते. काही वेळा पडणाऱ्याची चूक असते. काही वेळा कोणाचीच नसते. आणि काही वेळा ज्याच्या जागेत आपण पडलो, त्याची असते. त्याची असेल तर औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्याच्याकडून मागता येते. ही भीक नव्हे आणि भांडणही नव्हे. हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो कधी मिळतो आणि कसा मागायचा, ते या पाठात पाहू.

वीज केंद्रात एक न्याय, बाजारात दुसरा?

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या वीज केंद्राची वसाहत. या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. तेव्हापासून इथल्या घराघरांत कोणी ना कोणी केंद्रात कामाला गेलेले आहे. त्यांना विचारा, यंत्राजवळ जमिनीवर तेल सांडले तर काय करतात? ते सांगतील, लगेच पुसतात, वाळू टाकतात, कोणी पाय ठेवू नये म्हणून दोरी बांधतात. तेथे कोणी म्हणत नाही, "पडेल त्याचं नशीब."

यामागे कायदा आहे. आपल्या देशात १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. त्याच्या ३२ व्या कलमात लिहिले होते की जमीन, पायऱ्या, जिने आणि जाण्यायेण्याच्या वाटा मजबूत व नीट राखलेल्या असाव्यात, आणि ज्यावरून माणूस घसरेल असे काही तेथे पडलेले नसावे. तो कायदा २०२५ साली नव्या कामगार संहितेत सामावला गेला. निसरडी वाट ठेवू नये हा धडा मात्र तोच आहे.

आता बाजारात या. पावसाळ्याचे दिवस. रस्त्यावर कोळशाची भुकटी आणि राख यांचा काळा चिखल. तो चपलांना लागून दुकानात येतो. आत चकचकीत फरशी. काचेसारखी गुळगुळीत. दाराशी पायपुसणे नाही. छपरातून पाणी ठिबकते. वीज केंद्रात जो माणूस अशा जमिनीकडे बोट दाखवून साहेबाला सांगेल, तोच माणूस बाजारात पडला तर गुपचूप उठून घरी जातो. हे असे का व्हावे? हाड तर दोन्हीकडे सारखेच मोडते.

निसरडी पायरी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवी आहे. तेथे २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेत मोठा अनर्थ झाला. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. माणसे घसरली, मागची गर्दी त्यांच्यावर आली, चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली. २९० हून अधिक माणसे गेली. सुरुवात ओल्या पायरीवरून झाली होती.

निष्काळजीपणा म्हणजे काय?

कायद्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ सोपा आहे. ज्याने काळजी घ्यायला हवी होती, त्याने ती घेतली नाही आणि त्यामुळे दुसऱ्याला इजा झाली, तर तो निष्काळजीपणा. मुद्दाम पाडलेच पाहिजे असे नाही.

दुकानदार गिऱ्हाइकाला आत बोलावतो. बोलावले म्हणजे जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आली. घरी पाहुणा येणार असला की आपण अंगणातली तुटकी खाट बाजूला करतोच ना? तसेच हे. इंग्लंडने यासाठी १९५७ साली स्वतंत्र कायदा लिहून काढला. आपल्या देशात असा वेगळा कायदा नाही. पण न्यायालयांनी निकाल देत देत हाच नियम आपल्याकडेही लावला आहे.

चूक मालकाची आहे की नाही, हे पाहण्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला : त्या जागी खरोखर धोका होता का? सांडलेले तेल, फुटकी पायरी, कठडा नसलेला जिना, अंधार, उघडे गटार, हे धोके होत.

दुसरा : तो धोका मालकाला ठाऊक होता का? किंवा नीट लक्ष ठेवले असते तर कळला असता का?

तिसरा : कळल्यावर धोका दूर करायला वेळ होता का? निदान पाटी लावली होती का, दोरी बांधली होती का?

चौथा : तुमची दुखापत त्यामुळेच झाली का?

चारही उत्तरे मालकाच्या विरुद्ध गेली, तर चूक त्याची.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गिऱ्हाइकाच्या हातून तेलाची पिशवी फुटली. अर्ध्या मिनिटात दुसरे गिऱ्हाईक त्यावरून घसरले. दुकानदाराला कळायलाही सवड नव्हती. येथे त्याला दोष देणे कठीण. पण तेच तेल अर्धा तास पडून राहिले, नोकर दोन वेळा तेथून गेले, आणि मग कोणी पडले, तर दुकानदाराला सुटका नाही.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तेल कधी सांडलं हे पडणाऱ्याला कसं कळणार?" रास्त प्रश्न आहे. हाच प्रश्न इंग्लंडात लिव्हरपूल शहरी उभा राहिला होता. तेथे स्मिथडाउन रोडवर टेस्को कंपनीच्या मोठ्या दुकानात एक बाई सांडलेल्या दह्यावरून घसरून पडली. दही केव्हा सांडले, हे तिला सांगता येईना. पण तीन आठवड्यांनी ती पुन्हा त्या दुकानात गेली. तेव्हा सरबत सांडलेले होते आणि पाव तास कोणी ते पुसायला आले नाही, हे तिने पाहून ठेवले. दुकानात आठवड्याला सुमारे दहा वेळा काही ना काही सांडते, हेही साक्षीत निघाले. १९७६ साली वरच्या न्यायालयाने निकाल दिला. सांडलेले पुसण्याची नीट व्यवस्था होती आणि ती पाळली गेली, हे दुकानानेच दाखवले पाहिजे. ते दुकानाला दाखवता आले नाही. बाईला भरपाई मिळाली ती अवघी साडेसदतीस अधिक शंभर पौंड. रक्कम लहान होती. पण नियम मोठा ठरला. विलायती निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नसतात, पण वाट दाखवणारे म्हणून ते पाहिले जातात.

आपल्याकडचे दोन निकाल

दिल्लीत चांदनी चौकात नगरपालिकेचा घड्याळाचा मनोरा होता. १९५१ साली तो कोसळला आणि खालची माणसे मेली. मेलेल्यांच्या वारसांनी दावे केले. पालिका म्हणाली, आम्हाला धोका दिसला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मनोरा ऐंशी वर्षांचा होता आणि ज्या चुन्याने तो बांधला त्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, हे पुराव्यात आले होते. १९६६ साली न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरले. मनोरा तुमचा, ताबा तुमचा; रस्त्याच्या कडेची इमारत उगीच कोसळत नाही. अशा वेळी ती घटनाच मालकाविरुद्ध बोलते. इतक्या जुन्या इमारतीची वेळोवेळी तपासणी करणे पालिकेचे काम होते.

दुसरा निकाल उलटा आहे. तोही जाणून घ्यावा. गुजरातेत राजकोटला एक नोकरदार गृहस्थ पायी कचेरीत जात होते. रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून ते गेले. खालच्या न्यायालयांनी भरपाई दिली. पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. झाड अचानक पडले; पालिकेला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

दोन्ही ठिकाणी माणूस मेला. दोन्ही घरांत दुःख सारखेच. पण एके ठिकाणी भरपाई मिळाली, दुसरीकडे नाही. म्हणून 'लागले' एवढे सांगून भागत नाही. 'काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही' हे दाखवावे लागते.

रस्त्याबाबतही एक निकाल सांगण्याजोगा आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यांवरील खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्या प्रकरणात आदेश दिला. खड्ड्याने मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखम झाल्यास तिच्या मानाने ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असे त्यात आहे. आपले नागपूरचे खंडपीठ याच उच्च न्यायालयाचे. तेव्हा बाजाराबाहेरच्या रस्त्यावर असे झाले, तर हा निकाल वकिलाच्या कानावर घालावा.

जागा कोणाची, हे आधी पाहा

बाजाराच्या इमारतीत एक मालक नसतो. दुकानाच्या आत पडलात तर दुकानदार. सामाईक ओटा, जिना किंवा लिफ्ट येथे पडलात तर इमारतीची देखभाल करणारा मालक किंवा संस्था. बाहेरच्या रस्त्यावर किंवा गटारात पडलात तर ग्रामपंचायत, पालिका किंवा ते रस्ते राखणारे सरकारी खाते. भलत्याच्याच दारी गेलात तर वेळ फुकट जातो.

कामावर असताना कामगार घसरून पडला, तर त्याची वाट निराळी आहे. तेथे मालकाची चूक दाखवण्याचीही गरज नसते. त्याने कामगारांच्या कायद्याने भरपाई मागावी.

काही ठिकाणी पाटी असते : 'अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही.' ती वाचून घाबरू नये. पाटी लावली की निष्काळजीपणा धुऊन निघतो, असे नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात गाडी लावण्यासाठी नोकराच्या हाती दिली आणि ती चोरीला गेली. चिठ्ठीवर छापले होते, गाडी मालकाच्या जोखमीवर. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःचा निष्काळजीपणा झाकण्यासाठी हॉटेलला त्या छापील ओळीमागे लपता येणार नाही. तो खटला गाडीचा होता, पडण्याचा नव्हता. पण बोध घेण्यासारखा आहे. 'फरशी ओली आहे, जपून चाला' ही पाटी मात्र वेगळी. ती धोका सांगते. ती वाचूनही कोणी धावत गेला, तर काही दोष त्याच्याकडे येतो.

पडल्यावर पहिल्या तासात काय करावे?

दावा न्यायालयात चालतो, पण जिंकतो किंवा हरतो तो पहिल्या तासात. कारण तासाभरात फरशी पुसली जाते, साक्षीदार घरी जातात, आणि मग राहतो तो तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द. म्हणून लाज बाजूला ठेवावी आणि एवढे करावे.

जागचे उठण्यापूर्वी कशावरून घसरलो ते पाहावे. सोबतच्या माणसाला त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढायला सांगावे. ज्यांनी पाहिले त्यांची नावे व नंबर घ्यावेत. दुकानाचे बिल फेकू नये. घातलेली चप्पल आणि डागाळलेले कपडे ठेवून द्यावेत; 'तुमची चप्पलच झिजली होती' असे कोणी म्हटले तर ती दाखवता येते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कोठे व कसे पडलो ते कागदावर लिहून घ्यावे. डॉक्टरांना 'घरी पडले' असे संकोचाने सांगू नये. ती एक ओळ पुढे सगळा दावा बुडवते.

आणि दुकानदाराला पत्र द्यावे. पत्र लांबलचक नको. असे लिहावे :

"व्यवस्थापक यांस. आज सकाळी अकरा वाजता मी आपल्या दुकानात तांदूळ घेण्यास आले होते. तेलाच्या डब्यांजवळ फरशीवर तेल सांडलेले होते. तेथे पाटी नव्हती. माझा पाय घसरला आणि उजव्या हाताला मार लागला. दोन माणसांनी हे पाहिले. आपल्या कॅमेऱ्यातील आजचे चित्रण कृपया जपून ठेवावे. या पत्राची पोच द्यावी."

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एकीवर सही-शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. पोच दिली नाही तर टपालाने पाठवून पावती ठेवावी. कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून पत्र त्वरित द्यायचे.

एक गोष्ट आम्ही जोर देऊन सांगतो. पडल्यावर दुकानातले कोणी प्रेमाने पाणी देते, हजार-पाचशे रुपये हातात ठेवते आणि म्हणते, "मावशी, इथं जरा सही करा." तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका. अंगठा तर मुळीच उठवू नका. 'माझी काही तक्रार नाही' असे त्यावर लिहिलेले असू शकते. आता तुम्हाला वाचता येते. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचा. समजले नाही तर म्हणा, "घरी दाखवून सही करीन."

भरपाई किती मागावी?

येथे थोडे गणित करू. समजा, मजुरी करणाऱ्या बाईचा हात मोडला. दवाखाना व औषधे ४०,००० रुपये. दिवसाची मजुरी ४०० रुपये आणि ६० दिवस काम बंद; ते झाले २४,०००. येण्याजाण्याचा खर्च ३,०००. एकूण ६७,००० रुपये. याशिवाय सोसलेल्या वेदनेबद्दल वेगळी रक्कम मागता येते. हात कायमचा अधू झाला तर पुढच्या बुडणाऱ्या कमाईचीही मागता येते.

आता समजा, न्यायालयाला वाटले की चार आण्यांची चूक तिचीही होती. मोबाइलवर बोलत ती चालत होती. तर त्या ६७,००० तून चौथा हिस्सा, म्हणजे १६,७५० रुपये कापले जातील. राहतील ५०,२५०. आपली थोडी चूक असली म्हणून सगळा हक्क जात नाही.

खर्चाची प्रत्येक पावती वहीत चिकटवून ठेवावी. नसलेला खर्च एका पैशाचाही लिहू नये. भरपाई म्हणजे लॉटरी नव्हे. एक खोटी पावती सापडली की नव्याण्णव खऱ्या पावत्यांवरचा विश्वास उडतो.

कोठे जावे?

पहिले, दुकानदाराशी बोलावे. पुष्कळ दुकानदार भले असतात आणि खर्च देऊन मोकळे होतात. ठरले ते लिहून घ्यावे.

दुसरे, जिल्हा ग्राहक आयोग. तो चंद्रपूरलाही आहे आणि गडचिरोलीलाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील कमतरतेत निष्काळजीपणाही येतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. पडलात नागपुरात आणि राहता ऊर्जानगरात, तरी चंद्रपूरला चालते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. पण तुम्ही ग्राहक होता हे दाखवावे लागते. म्हणून तर बिल जपायचे. आधी सल्ला हवा असल्यास १९१५ या नंबरवर फोन करावा.

तिसरे, दिवाणी न्यायालय. काही विकत घेतले नव्हते, नुसते सोबत गेला होता, तरी तेथे दावा करता येतो. माणूस दगावला तर पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी १८५५ पासूनचा कायदा आहे. त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची. सरकारी खात्यावर दावा करण्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा 'पाहू सावकाश' म्हणू नये.

निष्काळजीपणा फारच उघड असेल तर पोलिसांतही जाता येते. भारतीय न्याय संहितेत १२५ वे कलम दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेफिकीर कृत्यासाठी आहे. पण पोलीस शिक्षेचे पाहतात. भरपाईचा मार्ग वेगळा.

"वकिलाला पैसे कुठून आणायचे?" जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. बायका, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग आणि कारखान्यातले कामगार यांना तेथे फुकट वकील मिळतो. फोनचा नंबर १५१००. आमच्या जंगलपट्टीतल्या बांधवांनी हा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

दुकानदार बांधवांना दोन शब्द

हा पाठ वाचणाऱ्यांत कोणी दुकान चालवणारेही असतील. त्यांनी रागावू नये. तुमचा खर्च फार नाही. दाराशी एक बारदान, हाताशी एक पोछा, जिन्याला कठडा, अंधाऱ्या कोपऱ्यात एक दिवा, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा आणि 'फरशी ओली आहे' अशी एक पाटी. सांडले की पुसायचे काम कोणाचे, हे नोकरांना नेमून द्या. पुसल्याची वेळ वहीत लिहा. उद्या कोणी खोटा दावा केला तर हीच वही तुमच्या बाजूने साक्ष देईल.

मोडलेले हाड सहा आठवड्यांत सांधते. पण हातावर पोट असणाऱ्याचे सहा आठवडे म्हणजे सावकाराचे कर्ज, मुलाची शाळा, घरातली चूल. म्हणून पडल्यावर उठताना "नशीब" म्हणण्याआधी एकदा खाली पाहावे. कशावरून घसरलो, ते तेथे दिसेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या बाजारात निसरडी जागा कोठे आहे? ती कोणाच्या ताब्यात आहे?

२. दह्यावरून पडलेल्या बाईने पुन्हा दुकानात जाऊन काय पाहिले? त्याचा उपयोग कसा झाला?

३. वर दिलेल्या पत्रासारखे एक पत्र तुमच्या शब्दांत वहीत लिहा.